माहे बेटावर दाजींचा दगड

आमच्या घरात किस्से फ्रीजमागं कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. पण एक ओढायला जावं, तर तिला धरून चार बाहेर येतात आणि परत आत कोंबताना कुठलीच नीट बसत नाही. सेशेल्सच्या सहलीचं तसंच झालंय. कुंडलला आक्काच्या घरी जेवण झालं, सुपारी कातरायला घेतली की कुणीतरी म्हणतं, "दिलीपमामा, ते दगडाचं सांगा की." मग रात्रीची झोप गेलीच म्हणायची.

मी तिखटमीठ लावून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. आरोप करणारी माझी बायको सुनंदा शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. खरं सांगायचं तर मी कमीच करून सांगतो. सगळं सांगितलं तर कोण ऐकून घेणार?

गाडीत आम्ही चौघं होतो. साताऱ्याहून मी आणि सुनंदा. कुंडलहून माझी थोरली बहीण शालन, म्हणजे आक्का, आणि तिचे मिस्टर, आमचे दाजी. दाजी लष्करात ड्रायव्हर होते, नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी बर्फाच्या घाटांत ट्रक चढवण्या-उतरवण्यात गेली. आक्का तेव्हा कुंडलला, सासू, ऊस आणि दोन म्हशी सांभाळत होती. दर सुट्टीत दाजी म्हणायचे, "एकदा तुला घाटात घिऊन जातो. बघ तरी गाडी कशी चालवतो ते." आणि सुट्टी संपायची. रिटायर झाल्यावर त्यांनी आक्काला गाडीतून नेलं ते पलूसच्या बाजारापर्यंत. तो रस्ता भाकरीसारखा सपाट.

पुढं तेही बंद झालं. घरासमोर गाडी मागं घेताना दाजींनी गोठ्याचा खांब पाडला. म्हैस वाचली, खांब गेला, आणि त्यांचा मुलगा विक्रम गाडीची चावी घेऊन पुण्याला गेला. मोतीबिंदू होता हे नंतर कळलं. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे लख्ख झाले, समोरच्या माळावर कुणाची शेळी चरतेय हे दाजी ओसरीवरून सांगायला लागले. चावी मात्र परत आली नाही. दाजींनी मागितलीही नाही. नुसते ओसरीवर बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकायचे. "आता तिसरा टाकायला पायजे हुता त्यानं," एवढंच म्हणायचे.

सहल विक्रमनंच ठरवून दिली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, एकच अट. स्टिअरिंग अण्णांच्या हातात द्यायचं नाही." अण्णा म्हणजे त्याचे वडील, आमचे दाजी. आक्काही म्हणाली, "ह्यांनी चालवली तर मी उतरून चालत येईन." मी म्हणालो, "अरे, यवतेश्वरचा घाट मी झोपेत चढवतो. माहेचं काय घेऊन बसलास?"

हे वाक्य पुढं मला बरंच महागात पडलं.

*

माहे हे हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशाचं मोठं बेट. मोठं म्हणजे आपला एक तालुकासुद्धा नाही, पण मधोमध डोंगर उभा आणि चारी बाजूंनी समुद्र. त्यामुळं कुठूनही कुठं जायचं तर घाट. रस्ता एवढा अरुंद की समोरून गाडी आली की दोघांनी पोट आत घ्यायचं. एका कडेला खोल गटार, दुसऱ्या कडेला नारळाची झाडं, आणि ती शेंड्याकडून दिसणारी. म्हणजे पडलो तर थेट शहाळ्यात.

गाडी भाड्यानं देणारा अंत्वान नावाचा पांढऱ्या मिशीचा माणूस होता. आक्कानं पहिल्याच मिनिटाला त्याचा अंतूभाऊ केला. त्यानं विचारलं, ड्रायव्हर कोण? मी माझं लायसन पुढं केलं. तेवढ्यात शेजारून आणखी एक लायसन टेबलावर आलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, कोरं करकरीत, डोळे झाल्यावर नवीन काढलेलं. दाजी माझ्याकडं न बघता भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. अंतूभाऊनं दोन्ही नावं लिहून घेतली.  आक्का बाहेर होती.

गाडी पांढरी, छोटी, ऑटोमॅटिक. दाजींनी खाली वाकून पायांची जागा बघितली.

"क्लच कुठाय?"

"दाजी, ह्या गाडीला क्लच नसतो."

"मग डावा पाय काय करतो?"

"काही नाही. नुसता बसून असतो."

दाजींनी त्या जागेवर बुटानं एकदा ठोकून बघितलं. मग म्हणाले, "माझ्यासारखाच की."

*

आक्का बाहेर होती, कारण तिला अंगणात लिंबाचं झाड दिसलं होतं. परक्या गाडीत पूजा केल्याशिवाय ती बसणार नव्हती. तिनं हातानंच विचारून चार लिंबं तोडली, चारी चाकांखाली एकेक ठेवलं, पर्समधलं हळदकुंकू काढून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नारळ मात्र फुटेना, कारण तो सोललेला नव्हता. तिथं नारळ झाडाचाच मिळतो, दुकानात शेंडी ठेवून कोण देणार? शेवटी अंतूभाऊनं कोयता आणून दिला.

"दिल्या, घे आता म्होरं," आक्का म्हणाली.

मी गाडी पुढं घेतली. चारी लिंबं फटफट फुटली. आवाज ऐकून अंतूभाऊ पांढराफटक. पालथा पडून गाडीखाली बघायला लागला, काय फुटलं, काय गळतंय. सुनंदानं तिच्या शाळेतल्या इंग्रजीत समजावलं, की हे गाडीला काही होऊ नये म्हणून असतं. तो उठला, कपडे झटकले, विचारात पडला.

दुसऱ्या दिवशी टायरमधली हवा बघायला आम्ही परत गेलो, तर त्याच्या अंगणातल्या बाकीच्या सगळ्या गाड्यांच्या चाकांखाली लिंबं. आणि तो कोपऱ्यातल्या लाल गाडीकडं बोट दाखवून सुनंदाला विचारतोय, "हिचे ब्रेक गेल्या वर्षापासून नीट लागत नाहीत. हिला किती लिंबं ठेवू?"

*

आता दगड.

घाटात गाडी उभी करायची तर चाकाला दगड लावायचा, हा दाजींचा धर्म. मी म्हणालो, "दाजी, हँडब्रेक आहे. शिवाय गिअर 'पी'वर टाकला की गाडी हलतच नाही."

"कोण धरतं तिला?"

"आतून लॉक होते."

"आतलं कुणी बघितलंय? दगड डोळ्याला दिसतो."

आणि ते अंतूभाऊच्या फाटकाशेजारच्या ढिगात दगड निवडायला बसले. एक उचलायचा, तळहातावर तोलायचा, टाकायचा. एक बाजू सपाट पाहिजे, एक उतरती पाहिजे, एका हातात मावला पाहिजे, पण पोकळ नको. ऊन चढलं. सुनंदाची समुद्रावरची टोपी घामानं भिजून डोक्यावरच सुकली.

आक्का गाडीच्या सावलीत बसून म्हणाली, "मला बघायला आलता तवाबी एवढा येळ लावला न्हवता."

"तवा दुसरं कुठं हुतं निवडायला," दाजी म्हणाले.

शेवटी एक काळपट, त्रिकोणी दगड पसंत पडला. तो दाजींच्या पायाशी ठेवायचा. गाडी थांबली की दाजी उतरणार, चाकाला दगड लावणार, बुटानं ठोकून बघणार, मगच "उतरा" म्हणणार. निघताना दगड काढायचा, झटकायचा, परत पायाशी.

एका दुपारी पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पाणी असलं निळं, की आक्कानं हात बुडवून वर काढून बघितला. निघायच्या वेळी पावसाची सर आली, पळापळ झाली, कसेबसे गाडीत बसलो. मी गाडी दामटत डोंगराच्या ऐन माथ्यावर आणली. आणि दाजी म्हणाले, "थांबवा."

"काय झालं?"

"दगड ऱ्हायला."

माझा विश्वास बसेना. सेशेल्स तुम्ही फोटोत बघितलं असेल. ते बेट म्हणजेच दगड आहे. हत्तीएवढे, घराएवढे दगड किनाऱ्यावर पडलेले असतात, जगभरातून लोक ते बघायला येतात. मी म्हणालो, "दाजी, इथं दगडांना काय तोटा? दुसरा घेऊ."

"पाव्हणं, तो चाकाला बसला हुता."

मी मागं आक्काकडं बघितलं. वाटलं, ही तरी आवरेल. ती म्हणाली, "दिल्या, वळीव."

सगळा घाट परत उतरलो. किनाऱ्यावर एक गोरं जोडपं छत्री उघडून बसलं होतं आणि छत्री उडू नये म्हणून तिच्या दांड्याला आमचा दगड टेकवला होता. अवतीभोवती हजारो दगड, पण नवराबायकोला नेमका तोच आवडला. दाजींची निवड काही चुकीची नव्हती.

दाजी त्यांच्यासमोर जाऊन सावधानमध्ये उभे राहिले. "सर. माय स्टोन."

गोऱ्याला काही कळेना. सुनंदा पुढं झाली. गोऱ्या बाईनं घाबरत विचारलं, हा दगड पवित्र वगैरे आहे का? सुनंदा अर्धा घाट मनातल्या मनात रडत आली होती. ती म्हणाली, "येस. व्हेरी."

बाई उठली. तिनं दगड दोन्ही हातांनी उचलला, वाळू पुसली आणि दाजींच्या ओंजळीत ठेवला. मग दोघांनी हात जोडले. दाजींनीही मान तुकवली.

गाडीत बसल्यावर आक्कानं पर्समधून कुंकू काढलं आणि दगडाला लावलं.

"आक्का, अगं हे काय?"

"मानसांनी हात जोडलेत त्येला. आता तसाच कसा ठिवायचा?"

*

आमच्याकडं रस्त्यानं जाताना बाईमाणूस ओझं घेऊन उभं दिसलं, तर गाडी थांबवायची असते. ही आक्काची शिस्त. कुंडल-पलूस रस्त्यावर ती ठीक आहे, तिथं निम्मा रस्ता आमचा नातेवाईक. माहे बेटावर बसच्या स्टॉपवर एक पोक्त बाई हातात माशांची माळ धरून उभी होती. आक्का म्हणाली, "थांब रं, बाई उन्हात हाय."

"आक्का, ती बसची वाट बघतेय."

"बस कवा येईल कुणाला ठावं? घे तिला."

बाई मागं, आक्का आणि सुनंदाच्या मध्ये बसली. मासे सुनंदाच्या मांडीवर. बाई तिथल्या क्रिओल भाषेत बोलत होती, आक्का कुंडलच्या. दोघी सलग बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. मुलं किती, सून कशी, गुडघे कुठले दुखतात. गुडघ्यांवर तर बराच वेळ चर्चा चालली.

मग बाईनं पुढं बसलेल्या दाजींकडं बोट केलं. नवरा? आक्कानं मान हलवली. बाईनं हवेत दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि हात उलटे करून विचारलं, मग हा का चालवत नाही?

 आरशात मला दिसलं, आक्का खिडकीतून बाहेर बघायला लागली. दाजीही बाहेरच बघत होते, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून.

बाईला घरापाशी सोडलं. तिनं दोन मासे तोडून सुनंदाला दिले, ते सुनंदानं पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर धरले होते.

असं एकदा केलं की झालं. पुढं ज्याला-त्याला आक्का गाडीत घ्यायला लागली. तुमचा विश्वास बसणार नाही, पण परत निघायच्या सुमाराला अशी वेळ आली, की स्टॉपवर निळी बस येऊन थांबायची आणि माणसं हात हलवून तिला पुढं जा म्हणायची. पांढरी गाडी मागनं येतेय, हे त्यांना कळलेलं असायचं.

*

रोज संध्याकाळी विक्रमचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "अण्णा, गाडी कोण चालवतंय?"

"तुझा मामा," दाजी म्हणायचे. "म्हंजे, बसलेला तरी तिथं तोच असतो."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. प्रत्येक वळणावर "हारन" असा हुकूम शेजारून यायचा आणि मी हॉर्न द्यायचो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा त्यांचा नियम. तो त्या बेटाला माहीत नव्हता, म्हणून दाजी खिडकीतून हात काढून उतरणाऱ्या गाड्यांना थांबवायचे. हाताचा इशारा असा खणखणीत, की लोक थांबायचेही. एकदा पोलिसांची गाडी थांबली. आतल्या पोलिसानं दाजींना सॅल्यूट ठोकला आणि आम्ही पुढं गेल्यावर बहुधा विचार करत बसला, की साहेब कोण होते.

आणि दाजींचा उजवा पाय. उतारावर मी ब्रेक लावायच्या आधी तो जागच्या जागी दाबला जायचा. मी चुकलो तरी तो कधी चुकला नाही.

*

एकदा मोबाइलमधल्या बाईनं दगा दिला. डोंगराच्या कुशीत एक धबधबा होता, तिकडं निघालो. बाई म्हणाली, उजवीकडं वळा. दाजी म्हणाले, "वळू नगा. ह्या रस्त्यावर टायरचा माग न्हाई, नुसत्या पावलवाटा हायत."

मी म्हणालो, "दाजी, ती उपग्रहावरून बघतेय."

"वरनंच बघतीया. चढ खालनं कळतो."

मी वळलो. रस्ता अरुंद होत होत एका घराच्या मागच्या अंगणात संपला. समोर धुणं वाळत होतं. दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. गाडी पुढं जाईना, वळेना, आणि मागं यावं तर चढ असा की मला मागं बघायचीच भीती वाटली. घरातून पाचसहा धिप्पाड माणसं बाहेर आली. बहुतेक रविवारचं जेवण चाललं होतं, एकाच्या हातात हाडूक होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोपर्यंत दाजी खाली उतरून चाकाला दगड लावून मोकळे झाले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग त्या माणसांकडं बघून टाळी वाजवली, मागच्या बंपरला दोघं, इकडं दोघं, तिकडं दोघं अशी हातानं जागा वाटून दिली. भाषा काय लागत नाही. शेतात रुतलेली ट्रॉली काढायला माणसं कशी लावतात, तशी लावली.

"हं. एकदम. हईऽ शा."

गाडीची मागची बाजू उचलली गेली. मी आतच बसलो होतो. स्टिअरिंग धरून. हईशा म्हणत म्हणत त्यांनी मला गाडीसकट फिरवलं आणि आल्या वाटेकडं तोंड करून ठेवलं. एकही कुंडी हलली नाही. आक्का आणि सुनंदा तोवर आतल्या बायकांबरोबर फणसासारख्या फळाचे तळलेले काप खात होत्या.

घरमालकानं दाजींच्या पाठीवर थाप मारली. सुनंदानं त्याचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं. तो म्हणत होता, "हा मोबाइल सारखा कुणाला ना कुणाला माझ्या अंगणात पाठवतो. पण ड्रायव्हर बरोबर घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

दाजींनी ते दोनदा सांगायला लावलं.

त्या संध्याकाळी मी बाहेर चहा पीत होतो तर आक्का शेजारी येऊन बसली. म्हणाली, "दिल्या, ह्यांस्नी आता नीट दिसतंय न्हवं?"

"मला विचारतेस? परवा ते समुद्रात लांब जहाज दाखवत होते, मला दिसेना."

"हूं," आक्का म्हणाली. "मग ओसरीवर बसून माणसाचं काय व्हायचं?" आणि उठून आत गेली.

*

शेवटच्या दिवशी आक्कानं हट्ट धरला, सगळ्यात वरच्या रस्त्यानं जायचं. तिथं म्हणे डोंगरावर चहाचा मळा आहे, आणि वरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. रस्ता बेटावरचा सगळ्यात चढाचा. मी सकाळपासून पाणी पीत होतो.

निम्मा चढ चढलो. एक अवघड वळण मागं टाकलं, आणि समोरून निळी बस आली. आपल्याकडच्याच एका कंपनीची, तोच आवाज, तोच धूर. दाजींनी तिला बघून ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली आणि खिडकीतून हात काढला. बस थांबली, पण मागं जाईना. तिच्यामागं गाड्या लागल्या होत्या. बसच्या ड्रायव्हरनं मला हातानं सांगितलं, तू मागं घे. वळणाच्या खाली थोडी रुंद जागा आहे.

मी मागं घ्यायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात बघितलं, आरशात बघितलं, मान वळवून बघितलं. तीन ठिकाणी तीन वेगळे रस्ते दिसले. गाडी तिरकी झाली. मागचं एक चाक गटाराच्या काठावर आलं आणि दुसऱ्या बाजूच्या नारळाच्या झाडाचा शेंडा माझ्या खिडकीत आला. मी ब्रेक दाबला तो सोडेना.  सुनंदा उतरून चाकापाशी गेली आणि तिथून म्हणाली, "अहो, आता मागंही घेऊ नका आणि पुढंही." शाळेत मुलांना बरोबर उत्तर सांगावं तशी.

बसमधली माणसं खाली उतरली. प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात करत होता. अगदी कऱ्हाडच्या चौकात असल्यासारखं वाटलं.

दाजी माझ्या शेजारी हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. समोर बघत.  हॉर्न द्या सुद्धा म्हणाले नाहीत.

मागनं आक्काचा आवाज आला. "आवं."

"काय?"

"बसलाय काय? उतरा की. घ्या गाडी."

दाजी वळून तिच्याकडं बघायला लागले.

"बघताय काय? मानसं खोळंबल्यात."

दाजी उतरले. घाई नाही. आधी चाकाला दगड लावला, बुटानं ठोकला. मग माझ्या बाजूला येऊन दार उघडलं. "पाव्हणं, ब्रेक सोडा आता. गाडी दगडावर हाय." मी ब्रेक सोडला. गाडी हलली नाही. 'पी'वर टाकून मी बाहेर आलो.

दाजी बसले. सीट पुढं ओढली. डावा पाय मागं घेऊन घडी घातल्यासारखा सीटखाली ठेवला. आठवडाभर ते माझा हात बघत आले होते, गिअर कुठं टाकायचा हे त्यांनी विचारलं नाही.

मी म्हणालो, "आक्का, तू उतर खाली."

"मी का उतरू? तू उतरलायस न्हवं?" आक्का म्हणाली. ती उतरली खरी, पण मागच्या दारातून उतरून पुढच्या दारातून आत बसली. दाजींच्या शेजारी. पदर डोक्यावर घेतला, पट्टा लावला.

दाजी खिडकीतून मला म्हणाले, "जरा म्होरं घेतो. घेतली की दगड काढा. हातात धरून मागनं चालत ऱ्हावा. थांबलो की लावायचा."

म्हणजे मी क्लीनर. सातारा शहरात माझं काहीतरी नाव आहे. तिथं मी कुंकू लावलेला दगड छातीशी धरून गाडीमागं उलट्या पावलांनी चालत होतो आणि बसमधले प्रवासी रस्ता करून देत होते. एका म्हातारीनं दगडाकडं बघून छातीवर क्रूस काढला.

दाजींनी गाडी वीतभर पुढं घेतली, चाक सुटलं. मग कॅमेऱ्याकडं ढुंकूनही न बघता, खिडकीतून कोपर बाहेर काढून, एका दमात गाडी वळणाच्या खाली रुंद जागेत नेऊन टेकवली. मी दगड लावला. बस खाली आली. तिच्या ड्रायव्हरनं आमच्यापाशी वेग कमी केला, दाजींकडं बघून दोन बोटं कपाळाला लावली आणि गेला. मागच्या गाड्याही गेल्या. रस्ता मोकळा झाला. समोर नुसता चढ.

सुनंदा वरच्या बाजूनं चालत आली, आम्ही दोघं गाडीत बसायला निघालो.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "दगड काढा."

मी मागं जाऊन दगड काढला. गाडी निघाली. आमच्या शेजारून गेली. आक्का सरळ समोर बघत होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं, पुढं सपाटीला थांबतील. वळण आलं. हॉर्न वाजला. गाडी दिसेनाशी झाली.

मग त्याच्या वरच्या वळणावरनं हॉर्न आला. मग त्याच्याही वरनं. झाडांमधनं एकदा पांढरं काहीतरी चमकलं. हॉर्न बारीक बारीक होत गेला.

"अहो," सुनंदा म्हणाली, "ते गेले."

आम्ही गटाराच्या कठड्यावर बसलो. मध्ये दगड. सुनंदा आधी चिडली, मग तिला हसू फुटलं, ते आवरेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. विक्रम. आज दिवसाच फोन केला होता. चित्रात माझ्यामागं नुसतं रान.

"मामा, सगळं ठीक? गाडी कोण चालवतंय?"

मी रस्त्याच्या वर बघितलं, खाली बघितलं. "बाबा, मला इथनं गाडीच दिसत नाही," मी म्हणालो. ह्यात खोटं काय होतं?

"अण्णा कुठायत?"

"तुझ्या आईला समुद्र दाखवतायत," सुनंदानं मधेच तोंड घातलं आणि फोन बंद केला.

ढग आले, गेले. एक कुत्रं येऊन दगड हुंगून गेलं. निळी बस खालून परत वर आली, त्याच ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं, दगड पाहिला, हसला, आणि थांबला नाही.

आणि मग वरनं हॉर्न ऐकू आला. एका वळणावर, मग दुसऱ्या. गाडी संथ, ब्रेकचा आवाज न करता उतरत आली. खिडक्या सगळ्या उघड्या. आक्काचा पदर वाऱ्यानं खांद्यावर आला होता, केस विस्कटले होते, आणि तिनं ते सारखे केले नव्हते. आमच्या घरात तिला तशी कुणी बघितलेली नाही.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. "दाजी, ही काय रीत झाली? आम्ही इथं किती वेळ बसलोय. वर सपाटीला तरी थांबायचं."

दाजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ते आधी आक्काकडं बघून मग माझ्याकडं वळले.

"थांबणारच हुतो, पाव्हणं," ते म्हणाले. "पण चढावर थांबायचं म्हंजे दगड लागतो. आन दगड तर तुमच्याकडं हुता."